मापाच्या वहीतली मुलगी

मी एक शिलाई मशीन आहे, पायडलची. सध्या एका मोठ्या घराच्या दिवाणखान्यात माझा मुक्काम आहे आणि माझ्या डोक्यावर पाण्याने भरलेली फुलदाणी ठेवली आहे. शिलाई मशीनवर पाणी! ज्यांनी ठेवली त्यांना अक्कल शिकवण्याचं माझं वय राहिलेलं नाही. पण पोटात आहे ते आता बोलून टाकते.

माझा जन्म साहेबाच्या देशातल्या कारखान्यात झाला. अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढली, मानेखालच्या पितळी पट्टीवर नंबर ठोकला आणि मला जहाजात चढवलं. साहेबाच्या एका वसाहतीत मी उतरले. तिथे एका तरुण शिंप्याने मला घेतलं, आणि वर्षभरात माझ्यासकट समुद्रापलीकडच्या दुसऱ्या वसाहतीत निघाला. दोन्हीकडच्या कचेऱ्यांत तसबीर एकाच राजाची, त्यामुळे आपण देश सोडतोय असं काही त्याला वाटलं नाही. मागे बायको होती आणि दोन वर्षांचा मुलगा. तो मुलगा निघताना बापाच्या गळ्यातली टेप सोडायला तयार नव्हता.

बाजारामागच्या गल्लीत आम्ही दुकान थाटलं. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे चूल. साहेबाच्या शिपायांचे खाकी कपडे मी इतके शिवले की माझ्या तेलालासुद्धा खाकी वास यायला लागला. काज-बटणांना तिथलीच एक बाई यायची. हळूहळू काजं आटोपली तरी ती घरी जाईनाशी झाली. शिंपी मात्र माझ्याच फळीवर कागद ठेवून बायकोला पत्र लिहायचा, की इथे हाताने करून खातो, फार आबाळ होते. तो हे लिहीत असताना ती बाई पडद्यामागे त्याच्यासाठी ताट वाढत असायची. मला हात असते तर मी सुई त्याच्या बोटात घातली असती. नव्हे, एकदा घातलीच.

त्यांना मुलगी झाली. शिंपी तिला ठकी म्हणायचा. तिच्याशी तो आपल्या भाषेत बोलायचा. तिच्या आईला ती येत नव्हती, त्यामुळे ते दोघं आणि मी अशी आमची एक वेगळीच गट्टी होती. दर वाढदिवसाला तो ठकीला माझ्याजवळ उभी करायचा, माप घ्यायचा आणि मापाच्या वहीत लिहायचा. तारीख, ठकी, उंची, छाती, कंबर. मग नवा फ्रॉक.

पुढे राजाची तसबीर उतरली, झेंडा बदलला. नवे झेंडेही मीच शिवले. लोक म्हणाले, शिंपीदादा आपलाच माणूस. काही वर्षं गेली आणि हुकूम निघाला की बाहेरून आलेल्यांनी महिन्याभरात चालतं व्हावं, एक बॅग घेऊन. कचेरीचा फॉर्म त्याने माझ्याच फळीवर भरला. 'सोबत कुटुंब' या रकान्यापाशी त्याचं पेन बराच वेळ अडलं. मग त्याने लिहिलं, 'कोणी नाही'.

ठकी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला तो म्हणाला, "सहा महिन्यांत बोलावतो." जायच्या आदल्या दिवशी त्याने तिला फ्रॉक शिवला आणि शिवणीत चार बोटं माया सोडली, उसवून मोठा करता यावा म्हणून. मला तेव्हाच कळलं. सहा महिन्यांसाठी जाणारा माणूस तीन वर्षांची माया सोडत नाही.

पत्र आलं नाही. ठकीची आई गेली. ठकी माझ्यापुढे बसली ती साठ वर्षं बसली. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे शाळेचे गणवेश आम्ही दोघींनी शिवले. तिने लग्न केलं नाही, का ते मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारणार कशी?

गेल्या वर्षी दारात एक बाई येऊन उभी राहिली. शिंप्याची नात, त्या टेप न सोडणाऱ्या मुलाची मुलगी. आजोबांच्या पेटीत तिला दुकानाचा जुना परवाना सापडला, त्यावर माझा नंबर होता. घराण्याचा इतिहास शोधायचं वेड डोक्यात. तिने तो नंबर इंटरनेटवर टाकला. आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने तो ओळखला.

"मावशी, ही माझ्या आजोबांची मशीन!" असं म्हणून ती चक्क रडली. माझ्या गळ्यात पडून. ठकी बाजूला उभी.

ठकी आता सत्तरीपलीकडची. पण बापाची भाषा ती बापाबरोबरच बोललेली, त्यामुळे त्या भाषेत ती अजून अकराच वर्षांची आहे. "तू माझ्या बाबांच्या घरून आलीस? खरंच? शप्पथ?" असं तिने विचारलं, तेव्हा नात हसली. मग तिला शब्दांचा अर्थ कळला आणि हसू थांबलं.

ठकीने वही काढली.

"गिऱ्हाइकाची मुलगी असेल कोणी, मावशी."

"गिऱ्हाइकाचं माप दर वर्षी एकाच तारखेला कोण घेतं?" ठकी म्हणाली. "तो माझा वाढदिवस आहे. मी तुझी आत्या आहे."

अक्षर नातीने ओळखलं होतं. हनुवटीही ओळखली होती, रोज आरशात बघते ती. तिने वही मिटली आणि म्हणाली, "बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत हो. आजोबा म्हणजे त्यांचा देव. त्यांना हे झेपणार नाही. समजून घ्या, मावशी."

"मग दादाला नको सांगूस. पण तू मला आत्या म्हण ना. एकदाच."

नातीने घड्याळ पाहिलं. म्हणाली, गाडी थांबलीय.

आणि ती वेडी ठकी! तिने मला देऊन टाकलं. "दादाकडे बाबांच्या हातचं काहीच नसेल. ने त्याला." नातीने विजेवर चालणारी नवी मशीन पाठवते म्हटलं, ती हिने नको म्हटली. वही तेवढी पोटाशी धरून ठेवली. मला खोक्यात घालताना तिने माझं चाक एकदा हाताने फिरवलं. इतका राग मला शिंप्याचाही आला नव्हता.

इथे आले तेव्हा दादा काठी टेकत आले. माझी पितळी पट्टी चाचपली. "इतकी वर्षं कोणी सांभाळली ही?"

"दुकानात कामाला होती एक बाई," नात म्हणाली.

"भली बाई. तिला पत्र घाल, आभार मान."

"घातलं, बाबा," ती म्हणाली. घातलेलं नाही.

माझ्या मागच्या भिंतीवर आता घराण्याची वंशावळ टांगली आहे. सुंदर छापली आहे, सोनेरी चौकट. सात पिढ्या. नातीने स्वतःला घातलंय, भावाला घातलंय, कोपऱ्यात हौसेने घरातला कुत्राही घातलाय. पाहुणे वंशावळीपुढे उभे राहून म्हणतात, किती कष्टाने शोधलंत हो!

शोधलं, हे खरं आहे. सापडलंही.

तुमच्यापैकी कोणी कधी या घरी चहाला आलात, तर माझं कौतुक करू नका. फुलदाणीचंही सोडा. आतल्या खोलीत दादा खिडकीपाशी बसलेले असतात, त्यांना अजून नीट ऐकू येतं. त्यांच्याजवळ बसा आणि सांगा की तुम्हाला बारा वर्षांनी धाकटी बहीण आहे, ती जिवंत आहे आणि तुमची भाषा बोलते. त्यांना झेपेल. माणसांना झेपतं, मी पाहिलंय. फक्त लवकर या, दोघांच्याही हातात फार दिवस नाहीत.