दिसलं तेच लिही

लग्नाला दहा महिने झाले तरी गडमुडशिंगीतल्या सासरच्यांना आपली सून नेमकं काय काम करते हे उमगलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ज्या कॉलेजात दानेश्वरी ते काम चार वर्षं करत होती त्या कॉलेजालाही ते फारसं उमगलं होतं असं नाही. राजारामपुरीतल्या त्या कॉलेजात जिन्याखाली एक खोली होती, दारावर 'अध्ययन साहाय्य कक्ष' अशी पाटी होती, आणि आत एक टेबल, दोन खुर्च्या नि दानेश्वरी. वर्गात समजतं पण कागदावर उतरत नाही, अशी पोरं तिच्याकडं येत. ती त्यांच्या कागदाला कधी पेन लावत नसे. पोरानं आपलं लिखाण मोठ्यानं वाचायचं, तिनं ऐकायचं, आणि अर्थ निसटला की टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायची. काय निसटलं ते पोरानंच शोधायचं. ती सांगायची ते एवढंच, की विशेषणं नकोत, दिसलं तेच लिही.

"शिकवत न्हाईस, परीक्षा घेत न्हाईस, मग जातीस तरी कशाला?" सासूबाई भाकरी थापता थापता विचारत.

"ऐकायला जाते," ती म्हणे.

"ऐकायचा पगार? आमी जल्मभर फुकटच ऐकलं की गं!"

यावर ती हसे, कारण बोलणं खोटं नव्हतं.

यंदा मात्र पुण्याच्या एका संस्थेनं अशा कामाला व्यावसायिक मान्यता द्यायचं ठरवलं, आणि प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगून टाकलं की मान्यता मिळाली तर पद राहील, नाही तर जूनपासून ती खोली जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला लागणार आहे. दानेश्वरीनं अर्ज आणला. हेडक्लार्क जोतीरामनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"म्याडम, तुम्हांला बसवायचं कशात? शिक्षकात धरावं तर तास न्हाईत, क्लार्कात धरावं तर फाईल न्हाई."

"माणसात बसवा की."

"तसला रकाना न्हाई वो," तो गंभीरपणे म्हणाला. "आन् पुरावा काय जोडणार?"

तीच अडचण होती. तिचं अक्षर कुठल्याच कागदावर नव्हतं. शेवटी तिनं जुन्या बारा विद्यार्थ्यांना पत्रं लिहायला सांगितलं, आणि सवयीनं बजावलं, की माझं कौतुक नको, दिसलं तेच लिहा.

पहिलं पत्र गारगोटीच्या आदर्शचं आलं. दोन पानी, स्वच्छ, एकही फालतू शब्द नसलेलं. वाचताना तिला मनापासून बरं वाटलं. मधे एक ओळ होती : 'बाईंचे केस पूर्ण पांढरे. चष्म्याची डावी काडी हिरव्या दोऱ्यानं बांधलेली.' दानेश्वरीला अठ्ठाविसावं लागलं होतं आणि चष्मा नव्हता. पोरानं कुणाची तरी आठवण मिसळली असेल, असं म्हणून तिनं पत्र बाजूला ठेवलं. दुसऱ्या पत्रात हिरवा दोरा होता. तिसऱ्यात बाई उठताना टेबलाचा आधार घेत होत्या. अकरा पत्रं झाली तेव्हा तिनं ती ओळीनं मांडली. वेगवेगळ्या वर्षांची, एकमेकांना न ओळखणारी ही पोरं, आणि बाई एकच. बोलणं मात्र सगळं दानेश्वरीचं होतं, शब्दन् शब्द. त्या खोलीत तिच्याआधी कुणी बसलेलं नव्हतं. खोली उघडली तीच तिच्यासाठी.

सोमशेखरला तिनं सांगितलं तेव्हा नवऱ्यानं तिची वेणी हातात घेऊन बारकाईनं तपासली. "मी पसंत केली तवा काळीच हुती. धा महिन्यांत पांढरी झाली असली तर दोष आमच्या घराचा."

ती हसली. पण तोही वेणी जरा जास्त वेळ पाहत राहिला होता.

बारावं पत्र मोना स्वतः घेऊन आली, दुपारच्या उन्हात स्कूटरवरून. दानेश्वरीनं ते तिच्यासमोरच वाचलं, आणि बोट ठेवून विचारलं, "हे कुणाबद्दल?"

"तुमच्याबद्दलच की, म्याडम."

"माझ्याकडं नीट बघ. बघ, आणि सांग."

मोनानं पाहिलं. एखाद्याच्या उघड्या जखमेकडं पाहावं तसं पाहिलं, आणि मान खाली घातली. "वाईट वाटलं व्हय? खोडते मी. पर तुम्हीच म्हणायचा न्हवं, दिसलं तेच लिहायचं म्हणून..."

जोतीरामचं मत स्वच्छ होतं. "ही पत्रं लावू नका. पुण्याच्या समितीला वाटंल दुसऱ्याच बाईची हायत. पोरांकडनं नवी लिहून घ्या, चार गोड शब्द घालून. कोण बघतंय?"

म्हणजे आपणच शिकवलेलं आपणच पुसायचं, आणि ते नोकरीसाठी! दानेश्वरीचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. तिनं बाराही पत्रं जशीच्या तशी जोडली आणि वर एका ओळीत लिहिलं : 'ही सर्व पत्रं माझ्याविषयी आहेत.' सही केली.

मुलाखत महिन्याभरानं, सकाळी अकराला, तिच्याच टेबलावरच्या संगणकावर झाली. पडद्यावर समितीचे तिघं होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि एकदम नीट सावरून बसले. प्रश्न विचारताना ते सावकाश, जरा मोठ्यानं बोलत होते. दमला असाल तर थांबू, असं एकानं दोनदा म्हटलं. तिनं सगळी उत्तरं दिली. मग मधल्या बाईंनी कागद बाजूला ठेवले.

"एवढं आयुष्य या कामात काढलंत. इतकी वर्षं अर्ज का नाही केलात?"

आपल्याला आत्ता कुठं अठ्ठाविसावं लागलंय, एवढंच सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण ते खरं ठरवायचं तर बारा पोरांना खोटं ठरवावं लागलं असतं.

"विचारायची सोय तुम्ही यंदा केलीत," ती म्हणाली. "उशीर माझा नाही."

 पलीकडं तिघंही, एकापाठोपाठ एक, उठून उभे राहिले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती, जिच्यात बोलणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो. मुलाखतभर दानेश्वरीनं तिकडं पाहिलं नव्हतं. आताही पाहिलं नाही. त्या चौकटीवर तळवा घट्ट दाबून धरत ती म्हणाली, "बसा. आणि माझं नाव पूर्ण लिहून घ्या."