नळावरची कुंदा

मी घाटकोपरच्या एका उतारावर, सार्वजनिक नळामागच्या भिंतीवर काढलेले एक जुने चित्र आहे. तसे माझे वय फार नाही. पण मित्रांनो, चित्राचे म्हातारपण वर्षांवर नसते. बघणारे उरले नाहीत की ते म्हातारे होते.

माझ्या आधी ही भिंत पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झाली होती. शेजारच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक श्यामकांत मास्तर तिला चुना देऊ लागले, तेव्हा चाळीचे पुढारी भाऊ म्हणाले, "मास्तर, गणपती-शंकर काढा. कोणाची थुंकायची छाती होणार नाही."

"देव घरोघरी आहेत, भाऊ. रांगेत ताटकळलेल्या बायकांना जरा हसू येईल असं काहीतरी काढतो."

तेवढ्यात जानकीबाईंची लेक कुंदा डोक्यावर कळशी घेऊन निघाली. कळशीतले पाणी हिंदकळून तिच्या नाकावरून ओघळत होते आणि ते चाटायला तिने जीभ बाहेर काढली होती. मास्तरांनी तिला तशीच उभी केली आणि तेलाच्या रंगांत भिंतीवर उतरवली. तीच मी.

काय दिवस होते ते! बायका घागरी खाली ठेवून माझ्याकडे बघत. "काय गं कुंदे, घरी पाणी नेतेस की वाटेतच संपवतेस?" असे म्हणून हसत. भांडणे पुष्कळ होत, पण कोणी ना कोणी माझ्याकडे बघे आणि भांडण मध्येच सैल पडे. त्या भिंतीवर कोणी थुंकले नाही.

त्याच वर्षी कुंदाला विषमज्वर झाला आणि ती गेली. तिचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. जगात तिचा चेहरा एवढ्या एकाच ठिकाणी उरला, माझ्यावर.

जानकीबाई सगळ्यांच्या शेवटी पाण्याला येऊ लागल्या. पदराने माझ्या तोंडावरची धूळ पुसत. एकदा त्यांनी माझ्या केसांपाशी अबोलीचे फूल खोचले. मागच्या नव्या चाळीत राहायला आलेल्या माणिकने ते फूल पाहिले. तिच्या मुलाला गोवर निघाला होता. बाहेर काढलेली जीभ पाहून तिला वाटले, ही देवीच. तिने मला कुंकू लावले, नवस बोलली. मूल बरे झाले.

मग काय! मंगळवार-शुक्रवारी तेल, हळद, नारळ सुरू झाले. पुढे शेंदूर आला. वर पत्रा, घंटा आली. नळ कोरडा पडला की बायका म्हणत, "आपल्याला थेंब नाही, आईला मात्र तेलाची धार!" पण म्हणता म्हणता हात जोडत. मास्तर रॉकेलचा बोळा घेऊन मला पुसायला आले, तर लोक अंगावर धावून गेले. "देवीला रॉकेल लावता?"

शेंदूर माझ्या हनुवटीपर्यंत होता, तो ओठांवर चढला. तेव्हा जानकीबाई भाऊंकडे गेल्या.

"भाऊनू, ती माझी कुंदा आसा. तिचा तोंड तेवढा मोकळा ठेवा."

"मला ठाऊक नाही का, जानकी? पण लोकांची श्रद्धा बसली. मी कोणाकोणाचे हात धरू? तुझी पोर देवी झाली, भाग्य समज."

"माका देवी नको. माका माझा चेडू होया."

चेडू म्हणजे लेक, मित्रांनो. भाऊंनी विषय तिथेच संपवला. दिवाळीपर्यंत माझे डोळेही शेंदराखाली गेले.

एका दुपारी नळावर कोणी नव्हते. जानकीबाई ऊन पाणी घेऊन आल्या. पदर भिजवून त्यांनी माझे तोंड शेकले. शेंदराचा थर करवंटीसारखा घट्ट झाला होता. त्यांनी कडेला नखे घातली, हळूच ओढले. अख्खा थर हातात आला.

त्याच्या आतल्या बाजूला कुंदाचे डोळे, नाक, जीभ, सगळे चिकटून आले होते. तेल पिऊन पिऊन माझा रंग भिंतीला सोडून शेंदराचा झाला होता. जानकीबाईंनी तो थर घाईघाईने परत माझ्यावर दाबून धरला. त्याचा भुगा झाला. तो त्यांनी पदरात गोळा केला, आणि त्या निघून गेल्या. आता त्या लांबच्या नळावर जातात. या वाटेने येत नाहीत.

लोकांनी माझी दशा पाहिली. देवी कोपली म्हणून नवा शेंदूर चढवला, चांदीचे डोळे बसवले. आधी निदान शेंदराआड कुंदा होती. आता आत नुसता चुना आहे.

मित्रांनो, रस्त्यात एखादे चित्र दिसले तर त्याला काही वाहू नका, काही लावू नका. घटकाभर उभे राहून त्याच्याकडे बघा, एवढेच त्याला पुरते. माझ्यापुढे रोज गर्दी असते. येणारा प्रत्येक जण हात जोडतो, आणि डोळे मिटून घेतो.