शेवटाकडून वाचलेलं पुस्तक

दादांची धाकटी बहीण इस्पितळातल्या नोकरीतून निवृत्त झाली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातात एकरकमी बरेच पैसे आले. त्यांचं काय करायचं, हे तिच्या मुलाने तिच्याआधीच ठरवून टाकलं होतं. त्याच्या एका मित्राने कंपनी काढली होती; सगळे पैसे तिथे घालायचे आणि आईने निवांत बसायचं. ती म्हणाली, आधी मला थोडं शिकू दे, मग सांगते. आणि शिकायचं म्हणून ती दादांकडे आली, कारण घराण्यात पुस्तकांचा माणूस म्हणजे दादाच.

दादांनी उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवला होता. गुंतवणुकीवरची जुनी, नावाजलेली पुस्तकं भाषांतर करून एका मालेत निघाली, तेव्हा ती सगळी त्यांच्याच हाताखालून गेली. मालकाने खूश होऊन दिलेला संच बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात होता. येणारा-जाणारा त्याकडे बघून म्हणायचा, दादा, तुमचा या विषयाचाही व्यासंग दिसतो. दादा मान खाली घालून हसायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

धाकटीने कपाटासमोर उभं राहून विचारलं, यांतलं आधी कुठलं वाचू. दादांनी सर्वांत जाड पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. हे मूळ आहे, म्हणाले, बाकीच्या सगळ्या फांद्या. हे वाक्य कुठून सुचलं ते त्यांनाही कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. शेजारी एक बारीक पुस्तक होतं, साध्या माणसाने पैसे कसे राखावेत याबद्दलचं. तिने त्यावर बोट ठेवलं, तेव्हा दादा म्हणाले, ते अगदीच बाळबोध आहे गं.

मग ती दर रविवारी यायला लागली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा. ती खुणेवर बोट ठेवून अर्थ विचारायची आणि दादा लेखकाबद्दल बोलायचे. तो तरुणपणी कसा बुडाला, बाजार कसा कोसळला, मग त्याने हा ग्रंथ कसा लिहायला घेतला. सांगताना त्यांचा आवाज खुलायचा. बायको गेल्यापासून त्या खोलीत इतकं बोलणं झालं नव्हतं. एकदा ती म्हणाली की दादा, गोष्ट तू झकास सांगतोस, पण मी काय करायचं ते काही त्यात येत नाही. दादा चहा टाकायला उठले.

मग एका रविवारी ती मुलाला घेऊन आली. पुस्तकाचं कव्हर काढलेलं होतं, खुणाही खोडून टाकलेल्या. तिने ते टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की उद्या मुलाच्या मित्राला पैसे देऊन टाकते. आपल्या डोक्यात हे शिरत नाही. पेशंटच्या वजनावरून औषध किती द्यायचं ते ती मनातल्या मनात काढायची, एकदाही चुकली नव्हती. पण हे काही जमेना. वय झालं, दुसरं काय.

"अगं, प्रत्येकाचा पिंड असतो," मुलगा म्हणाला. "मामांसारखा शिकवणारा असून नाही जमलं, म्हणजे सोड आता." तो समजुतीने बोलत होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्या कंपनीबद्दल त्याला खरंच खात्री वाटत होती.

दादा गप्प बसले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. त्यांना ते नेहमीच जमायचं. पण धाकटी पदराने पुस्तक पुसत म्हणाली, "माफ कर हं दादा. तुझे एवढे रविवार मी फुकट घालवले."

दादांच्या कानशिलांत रक्त चढलं.

"मलाही कळलेलं नाही ते," ते म्हणाले.

"राहू दे. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलू नकोस."

म्हणजे नुसतं कबूल करून भागणार नव्हतं, पटवूनही द्यावं लागणार होतं. दादांनी खाली बघत सांगितलं की शेवटचं प्रूफ ते शेवटाकडून वाचायचे. शेवटच्या ओळीपासून वर, एकेक शब्द. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते, म्हणून अर्थ लागूच द्यायचा नाही. सगळी पुस्तकं अशीच वाचली. सरळ नंतर वाचू म्हटलं, ते राहूनच गेलं.

भाच्याला हसू आवरेना. मामा, म्हणजे क्लायमॅक्स आधी, असं काहीतरी तो पुटपुटला. धाकटी हसली नाही.

"मग रविवारी सांगायचास ते काय होतं?"

"प्रस्तावना," दादा म्हणाले. "आणि थोडं मागच्या कव्हरवरचं."

भाचाही आता हसायचा थांबला. धाकटीने विचारलं की मग नेमकं हेच का दिलंस. दादांनी सांगितलं की छापून आल्यावर त्यात एकही चूक सापडली नव्हती, साऱ्या मालेत तेवढंच एक पुस्तक असं होतं. ते खरंच होतं. पण तिने उभी हयात आजाऱ्यांशी बोलण्यात काढली होती. अर्धंच सांगितलेलं तिला ओळखू यायचं. ती नुसती बघत राहिली.

"ते बारीक पुस्तक तू आठवड्यात संपवलं असतंस," दादा म्हणाले. "मग पुढच्या रविवारी कशाला आली असतीस?"

धाकटी उठली, तिने कपाट उघडलं आणि ते बारीक पुस्तक मधूनच कुठेतरी उघडून खिडकीशी उभं राहून वाचायला लागली. एक पान उलटलं. मग मागे जाऊन पुन्हा पुढे आली. भाचा घड्याळ बघून खाकरला. दोन्ही पानं पुरी झाल्यावर ती त्याला म्हणाली, "उद्या नाही. मित्राला सांग, आई अजून वाचतेय." तो काही बोलू लागला तर तिने हातानेच थांबवलं. मग पुस्तक पर्समध्ये घातलं आणि चपला घालायला वाकली.

दादा दारापर्यंत गेले. येत्या रविवारी, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"बघू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं दादांना वाटलं.

ते खिडकीत आले. खाली भाचा गाडी मागे घेत होता आणि धाकटी शेजारच्या सीटवर पुस्तक उघडून बसली होती. तिच्या पैशांवरचं संकट तूर्त टळलं होतं, तिला निदान आपण मठ्ठ आहोत असं वाटत नव्हतं. एवढं पुरे व्हायला हवं होतं. पण गाडी वळेपर्यंत दादा वाट बघत राहिले की ती एकदा तरी वर बघेल. आपण अजून कशाची वाट बघतोय हे लक्षात आलं तेव्हा त्यांना पुन्हा नव्याने लाज वाटली, आणि ते खिडकीतून बाजूला झाले.