टाक्यांच्या कडेची लाली

आमच्या ह्यांना काही विचारलं की उत्तर ठरलेलं. "काय नाय झालं गो." हर्नियाच्या वेळीही तेच. हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना, म्हणजे उचलाउचल आलीच. बेंबीपाशी गोटा आला तरी हे मूर्ती उचलत होते. शेवटी मीच हाताला धरून पेणला नेलं आणि ऑपरेशन करवून आणलं.

घरी सोडताना सिस्टरनी मला बाजूला घेतलं. जखम रोज बघायची. लाली पसरली, हाताला गरम लागली, पू आला, ताप चढला, तर थांबायचं नाय. विष रक्तात उतरलं तर माणूस हातचा जातो म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. पण हे बघू देतील तर शपथ. "उद्या बघ," म्हणत शर्ट खाली ओढायचे.

आज सकाळी हे भिंतीला टेकून मूर्तीच्या शेल्याला लाल रंग मारत होते. आखडून बसलेले, ओठ सुकलेले. मी हात धुतले आणि सरळ शर्ट वर केला. टाक्यांच्या कडेला लाल.

"रंग लागला असंल," हे म्हणाले. मान मूर्तीकडेच.

क्षणभर मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या घरात रंग भाकरीलासुद्धा लागतो. धुतलेलं फडकं ओलं करून कडेकडेनं हलकेच पुसलं. फडकं पांढरंच राहिलं. बोट टेकवलं तर कातडी चटका बसावा तशी गरम.

"चला दवाखान्यात."

"दुपारी गिऱ्हाईक येनार हाय. काय नाय झालं."

अस्सा संताप आला. पण सिस्टरनी आणखी एक सांगितलेलं, लालीची कड आखून ठेवा, बाहेर गेली की निघा. मी बारीक ब्रश घेतला आणि टाक्यांपासून लांब, लालीच्या कडेनं काळी रेघ ओढली. गणपतीचे डोळे मीच आखते, त्याच ब्रशनं.

जेवणवेळेला परत बघितलं. लाली रेघ ओलांडून बोटभर पुढे गेलेली. ह्यांना हुडहुडी भरलेली.

"आता उठता का गाव गोळा करू?"

हे मुकाट उठले. त्या मुकाट उठण्यानं मी जास्तच घाबरले. रिक्षात ह्यांचं अंग माझ्या खांद्याला भाजत होतं. बाप्पा, इतकी वर्षं तुला डोळे आखून दिले, आता ह्यांच्याकडे बघ, एवढंच मी घोकत होते.

डॉक्टरांनी दोन टाके सोडले. पू निघाला. सलाईन लावली. "इन्फेक्शन वरवरचं आहे, आत गेलेलं नाही. वेळेत आणलंत," म्हणाले. मी खाटेवरच बसले.

डॉक्टर गेले तशी मी सुटले. "एवढी लाली, तुमाला दिसली नाय? काय बरंवाईट झालं असतं म्हंजे?"

हे छताकडे बघत राहिले. "मी बघितलंच नाय गो."

"कधी?"

"घरी आल्यापासनं. एकदाबी नाय. भ्या वाटायचं."

तेवढ्यात सिस्टर ड्रेसिंगला आल्या. ह्यांनी डोळे मिटले आणि माझा हात घट्ट धरला. भ्या मलाही वाटत होतं. मी बघत राहिले.