तुळसामावशीची अंगाई

घाटंजीचा संघदीप मुंबईत सिनेमांना पार्श्वसंगीत द्यायचा. कित्येक वर्षं त्याचं नाव पडद्यावर आलं कधी न् गेलं कधी, कुणाला कळत नसे. गेल्या वर्षी मात्र नशीब फळफळलं. एका सिनेमात पोर गमावलेल्या आईचा प्रसंग होता. संवाद नाही, नुसते चेलोचे सूर. त्या धुनेनं लोकांना वेड लावलं, बक्षीस मिळालं, आणि गावानं सत्कार ठरवला.

धून त्याची नव्हती. तुळसामावशीची होती. आई मजुरीला जायची तेव्हा मावशीनंच त्याला आणि आपल्या अतुलला एका झोळीत जोजवलं होतं. मागं अतुल मोटरसायकलवरून येताना ट्रकखाली गेला. त्याला अंगणात ठेवलं, बाया रडत होत्या, मावशी रडली नाही. पोराच्या कपाळावर हात ठेवून तीच जुनी अंगाई गुणगुणत राहिली, मध्येच अडखळत. संघदीप शेजारीच बसला होता. त्याचे कान मात्र सूर टिपत होते. त्याची त्याला किळस आली, तरी मुंबईला पोचल्यावर त्यानं ते वाजवून पाहिलंच.

सत्काराला मावशी आली नाही. हारतुरे उरकून तो तिच्या घरी गेला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं चहा दिला, त्याच्या बायकोची चौकशी केली. शेवटी त्यानंच धुनेचा विषय काढला; विचारायचं राहून गेलं, म्हणाला.

"मागाचं होतं, दिपू," मावशी म्हणाली. "मी देल्लं असतं."

मग तिनं सांगितलं की शेजारच्या हजराबीच्या नातवाच्या मोबाईलवर तेच वाजतं, बसस्टँडवर तेच, लग्नातल्या व्हिडिओतही तेच.

"आता मी अंगाई म्हणाले बसली का ते मोबाईलचंच तोंडात येते. माहं कसं होतं, आठवूनच नाही राह्यलं. तुले येते ना? म्हणून दाखव."

संघदीपनं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आवाज वर गेला, चेलोसाठी त्यानं चढवला होता तसाच.

"हे शिनेमातलं हाय," मावशी म्हणाली.

त्यानं पुन्हा धरलं, हळू केलं. ती अडखळायची ते ठेक्यात बसेना म्हणून त्यानंच गुळगुळीत करून टाकलं होतं. पण अडखळायची कुठं, ते काही केल्या आठवेना.

"राहू दे," म्हणून तिनं सूप त्याच्याकडं सरकवलं. दोघं शेंगा सोलत बसले.

संध्याकाळी यवतमाळच्या बसची वाट बघताना दिग्दर्शकाचा फोन आला. सिनेमाचा दुसरा भाग ठरला होता आणि धून तीच हवी होती, आणखी मोठी करून. संघदीपनं नाही म्हटलं. दिग्दर्शक रागावला नाही. धुनेचे हक्क कंपनीकडं आहेत, दुसरं कुणी करेल, एवढंच म्हणाला.

बस आली. संघदीप चढला नाही. पुन्हा कुणाच्या तरी मोबाईलवरून तिच्या कानावर जाण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून तो माघारी गेला आणि दारात उभ्यानंच सगळं सांगितलं.

मावशी म्हणाली, "या बारी सांगाले तरी आला."

आणि ती चूल पेटवायला आत गेली. जेवून जा, असं काही म्हणाली नाही.