कुंकवाखालचा टेबलफोन

मी एक इंटरनेटवर चालणारा टेबलफोन आहे. वय जेमतेम चार महिने, पण मित्रांनो, एवढ्यातच मी पुरता वैतागलो आहे.

चिकलठाण्याच्या एका लहानशा कार्यालयात मी राहतो. इथून वाळूजच्या कारखान्यांना कामगारांच्या बसेस जातात. फोन बसवणाऱ्या अल्तमशने आम्हा तीन भावंडांना तीन टेबलांवर बसवले आणि भिंतीजवळच्या इंटरनेटच्या डब्याला वायरींनी जोडले. चौथ्या टेबलासाठी त्याने एक जादा वायर ठेवली. तिचे एक टोक डब्यात, दुसरे मोकळे. मालक बद्रीनाथकाका खूश झाले. त्यांनी सगळ्या कारखान्यांना सांगितले, "आता मोबाईल नाय, याच नंबरवर फोन करायचा." मी फोन घेणाऱ्या सुलेखाच्या टेबलावर होतो. ती एकही निरोप चुकवत नसे.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा! काकांनी आम्हाला डब्यासकट उचलून पाटावर मांडले. माझ्या पडद्यावर कुंकवाचे एवढे मोठे बोट ओढले की निम्मा पडदा दिसेनासा झाला. पूजा झाल्यावर त्यांनीच सगळे परत जोडले. ते मोकळे टोक लोंबकळताना दिसले, तेही त्यांनी डब्याच्या रिकाम्या खाचेत खोचून टाकले. झाले! एकाच वायरीची दोन्ही टोके डब्यात, त्यामुळे सगळे निरोप आतल्या आत गोल फिरत राहिले आणि आमची सगळी लाईन तुंबली.

माझा दिवा मात्र जळत होता, कारण विजेची वायर वेगळी. लाईन बंद असल्याची खूण माझ्या पडद्यावर उमटली, ती नेमकी कुंकवाखाली. पूजेचे कुंकू पुसायचे कसे, म्हणून सुलेखानेही हात लावला नाही. मी आतल्या आत चरफडत राहिलो.

त्या दिवशी एका कारखान्याने सणामुळे तीनची सुट्टी एकला केली. बस लवकर पाठवा, हे सांगायला तिथून सात वेळा फोन केला. मी एकदाही वाजलो नाही. साठ बाया दोन तास उन्हात उभ्या राहिल्या. कारखान्याचा माणूस थेट कार्यालयात येऊन ओरडून गेला.

"फोनसमोर बसून झोपा काढती का तू?" काका सुलेखावर खेकसले.

"काका, फोन वाजलाच नाय. देवाशपथ!"

"लाईट तर चालू हाय त्याची! खोटं लई बोलती. उद्यापासून येऊ नको."

ती रडली नाही. जेवणाचा डबा पिशवीत टाकला आणि निघून गेली. मित्रांनो, बोलण्यासाठीच जन्माला आलेला मी, तिच्या बाजूने एक शब्द बोलू शकलो नाही.

संध्याकाळी अल्तमश आला. डब्याकडे बघताच त्याने कपाळाला हात लावला. "काका, ये क्या किये? दोन्ही टोकं एकाच डब्यात? ही कुणी खोचली?"

"मीच," काका हळूच म्हणाले.

त्याने एक टोक उपसले. माझी लाईन सुरू झाली. काकांनी लगेच माझ्यावरून सुलेखाचा मोबाईल लावला. कार्यालयाचा नंबर बघून दोनदा तिने कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"आता वाजला व्हय, काका?"

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण वायरीला हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. आणि माणसाला बोल लावण्याआधी यंत्र तपासा.

'माझं चुकलं' एवढे दोन शब्द माझ्यातून क्षणात तिच्यापर्यंत गेले असते. मी तयार होतो. पण काकांनी ते न म्हणताच मला खाली ठेवले.