फिकट फोल्डर

बाबा मंत्र पुटपुटत होता आणि सभागृहातली शंभरेक माणसं डोळे गच्च मिटून बसली होती. मिटणारच! उघडले तर हरवलेलं कायमचं जातं, अशी तंबी होती. 'संगणकसिद्ध' म्हणे. सिद्धी आहे, तर लोकांच्या उघड्या डोळ्यांची एवढी धास्ती का, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

शिवणकाम करणाऱ्या वहिनींना तर काहीच सुचत नव्हतं. त्यांचा नवरा बसस्थानकावर घोषणा करायचा. घशाच्या कर्करोगात आवाज गेला. शस्त्रक्रियेआधी त्याने चारशे वाक्यं लॅपटॉपमध्ये बोलून ठेवली होती. त्यावरून डॉक्टर त्याच्याच आवाजात बोलणारं यंत्र करून देणार होते. वहिनींनी भाबडेपणाने लॅपटॉप बाबाकडून मंतरून आणला आणि घरी येऊन बघतात तर त्या वाक्यांचा फोल्डर गायब. दुसरी प्रत नाही. नवरा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. बाबाने एकवीस दिवसांचा कडक उपास सांगितला. आज नववा दिवस. उभं राहिलं की भोवळ येत होती.

"डोळे उघडा," बाबा म्हणाला. त्याच्यासमोर ठेवलेल्या वहिनींच्या लॅपटॉपच्या पडद्यावर फोल्डर आला होता, पण फिकट. "हा नुसता आत्मा आलाय, ताई. देह बारा दिवसांनी येईल. हात लावलात तर हाही जाईल."

लोकांनी हात जोडले. वहिनींना रडू आवरेना. शेजारी बसलेली त्यांची नणंद मात्र उठली. ती शाळेत संगणक शिकवायची. लाजेपोटी इतके दिवस लपवून वहिनींनी तिला हे सगळं कालच सांगितलं होतं, आणि तिने डोळे मिटलेच नव्हते.

"मंत्र चालू असताना तुम्ही 'व्ह्यू'वर टिचकी कशाला मारलीत, बाबा?"

"पाप्याला भलतंच दिसतं."

"मग मी पापी. वहिनी, बघू मी?"

वहिनींनी लॅपटॉप ओढून छातीशी धरला. हाही गेला तर? नवऱ्याला काय तोंड दाखवायचं? मग तो नणंदेपुढे सरकवत त्या म्हणाल्या, "बघ बाई. आता माझ्याच्याने होत नाही."

नणंदेने 'व्ह्यू'मधल्या 'हिडन आयटम्स'ची खूण काढली. फोल्डर गेला. खूण केली, फिकट फोल्डर परत आला. दोनदा करून दाखवलं.

"संगणक स्वतःच्या कामाचे फोल्डर असे लपवून ठेवतो, कुणी चुकून पुसू नयेत म्हणून. आपलाही लपवता येतो. लपवलेला दाखवला की फिकट दिसतो. आत्माबित्मा काही नाही." मग तिने फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधली 'हिडन'ची खूण काढली. फोल्डर ठळक झाला. "ही खूण कुणी केली, बाबा? तुमच्याकडून आल्यापासून आहे ती."

बाबा आपली पिशवी भरू लागला होता.

तिने पहिली फाइल लावली. स्वच्छ, भरदार आवाज सभागृहात घुमला, "काय गं, जेवलीस का?"

"नाही हो," वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या. "नऊ दिवस नाही जेवले."

नऊ दिवस तो आवाज त्यांच्या घरातच, शिलाई मशीनशेजारी पडून होता. म्हणून सांगतो, कुणी डोळे मिटायला सांगितलं तर आधी 'का?' म्हणून विचारा. आणि जाणत्या माणसाला विचारायची लाज बाळगू नका.